ट्रॅक्टरवाले काका

इंग्लंडातल्या पिनरमध्ये बर्फ पडला की ज्ञानेश्वर सबनीसला बर्फाचा राग येत नसे, माणसांचा येत असे. बर्फाचं काय, तो बिचारा वरून येतो, जागा मिळेल तिथे बसतो आणि वेळ झाली की मुकाट्याने निघून जातो. माणसांना तेवढीही अक्कल नसते. चार बोटं बर्फ पडला की अख्खा देश अंग टाकून देतो, आणि फावडं हातात घ्यायची वेळ आली की जो तो खिडकीतून बाहेर बघत चहा पितो. अडतीस वर्षं तो हे बघत आला होता आणि अडतीस वर्षं त्याला त्याचा वीट येत होता.

२००९च्या फेब्रुवारीतला तो सोमवार म्हणजे तर कळसच झाला. बसगाड्या बंद, शाळा बंद, विमानतळ बंद. ज्ञानेश्वर ज्या क्लबात ग्राउंड्समन होता, म्हणजे मैदान राखायच्या नोकरीत होता, तिथल्या उतारावर टाय लावून ऑफिसला जाणारी माणसं चहाच्या ट्रेवर बसून घसरत होती. क्रिकेटची खेळपट्टी त्याने दोरी लावून बंद केली होती, तर कुणी शहाण्याने दोरी ओलांडून नेमका तिच्या मधोमध बर्फाचा माणूस उभा केला होता. गाजराचं नाक, गळ्यात क्लबचा मफलर. एप्रिलमध्ये त्या जागी गवत आलं नाही की हेच लोक येऊन विचारणार, डॅनी, धिस पॅच, व्हॉट हॅपन्ड? त्याने गाजर उपटून कुंपणापलीकडे भिरकावलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. श्यामलावहिनींचा होता.

"भावोजी, उद्याचं काही खरं दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "फ्युनरलवाल्यांचा माणूस येऊन उतार बघून गेला. म्हणाला, रस्ता असाच राहिला तर शववाहिका खाली आणणार नाही. मंडळाचा विनय म्हणतो, घरी न आणता परस्पर क्रिमेटोरियमला नेऊ या."

"मग?"

"मी नाही म्हटलं. अँब्युलन्समधून गेले ते. एकदा तरी स्वतःच्या उंबऱ्यावरून जाऊ देत. पण भावोजी, साडेबाराची वेळ चुकली तर पुढची सोळा तारखेची आहे. दोन आठवडे. आणि ह्यांनी काय सांगितलं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. जयंतदादा मागच्या मंगळवारी गेला, पण त्याच्या आधी हॉस्पिटलात त्याने दोघांनाही जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली होती. पैशाची नाही, घराची नाही. म्हणाला होता, मला त्या फ्रीजमध्ये फार दिवस ठेवू नका रे. एकोणसत्तर साली तो या देशात उतरला तेव्हा जी थंडी त्याच्या हाडांत शिरली, ती नंतर कधी निघालीच नाही. जूनमध्येसुद्धा घरात मफलर गुंडाळून बसायचा. आधीच आठवडा झाला होता. आणखी दोन आठवडे त्याला त्या कप्प्यात ठेवायचं, ही कल्पनाच ज्ञानेश्वरला सहन होईना. सुयश, दादाचा एकुलता एक मुलगा, टोरांटोहून निघाला होता आणि फ्रँकफर्टला अडकून पडला होता. त्याचाही सकाळीच निरोप आला होता, माझ्यासाठी थांबू नका, बाबांना थांबवू नका.

"कौन्सिलला सांगितलंत?"

"विनयने फोन केला. ते फक्त मोठे रस्ते करतात म्हणे. आपला क्लोज पडला आंधळी गल्ली, तो त्यांच्या यादीत नाही."

"बरं. मी येतो सकाळी," ज्ञानेश्वर म्हणाला. "ट्रॅक्टर घेऊन."

ट्रॅक्टर हा शब्द त्या घरात सहसा उच्चारला जात नसे.

त्याचं कारण सांगायला हवं. सबनीस मूळचे वाईचे. वडील शाळामास्तर, थोरला जयंत हुशार, धाकटा ज्ञानेश्वर बरा. जयंत इंजिनियर होऊन इंग्लंडला आला, पूल आणि इमारती उभ्या करणाऱ्या मोठ्या कंपनीत लागला आणि दोन वर्षांनी त्याने धाकट्यालाही बोलावून घेतलं. ज्ञानेश्वरने डिप्लोमा करावा, टाय लावावा, असा बेत होता. डिप्लोमात तो दोनदा आपटला. मधल्या उन्हाळ्यात क्लबावर खेळपट्टी दाबायचा रोलर ओढायला माणूस हवा होता, तिथे लागला, तो लागलाच. माती, गवत, पाणी, ऊन यांचं गणित त्याला कुणी न शिकवता येत होतं. इंग्रजांना ज्ञानेश्वर म्हणता येईना, त्यांनी त्याचा डॅनी केला. लग्नाचं राहून गेलं. पण सकाळी साडेसहाला ओल्या मैदानावर एकट्याने उभं राहण्यात त्याला जे सुख होतं, ते दादाला सगळ्या पुलांत मिळून मिळालं नसेल.

दादाला मात्र त्याची लाज वाटे. इथल्या मराठी मंडळाचा तो दोनदा अध्यक्ष झाला. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला हाय कमिशनमधले कुणी बडे साहेब आले होते. ज्ञानेश्वर खुर्च्या मांडत होता. साहेबांनी सहज विचारलं, हे कोण? आणि दादा हसत म्हणाला, "हे होय? आमच्याकडे गार्डनिंग बघतात."

आणि ज्ञानेश्वरने काय करावं? त्याने हातातली खुर्ची खाली ठेवून साहेबांना नमस्कार केला. भावाने आपल्याला नाकारलं याची किळस त्याला वाटलीच, पण आपण वर हातही जोडले, याची जास्त वाटली. त्या दिवसापासून त्याने मंडळाचं तोंड पाहिलं नाही. जुने लोक मुलांकडे राहायला गेले, काही वर गेले. नवी मंडळी आली, पुण्याची, नागपूरची, कॉम्प्युटरवाली. त्यांना दादासाहेब सबनीसांना भाऊ आहे हे ठाऊकच नव्हतं. दर दुसऱ्या शनिवारी सबनीसांच्या लॉनवर मशीन फिरवणारा एक पांढऱ्या मिशांचा माणूस दिसे, तो गार्डनर. शेजारचे इंग्रजही तेच समजत. आणि ज्ञानेश्वरनेही एकवीस वर्षांत कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

गंमत अशी, की लॉन कापून झालं की दोघं भाऊ स्वयंपाकघरात समोरासमोर बसत. मफलर गुंडाळलेला दादा आणि बूट काढून ठेवलेला ज्ञानेश्वर. चहा होई, आणि तासभर वाईच्या घाटावरच्या, शाळेतल्या, आईच्या हातच्या गोष्टी चालत. तेव्हा दादा खरा दादा असे. बेल वाजली आणि कुणी आलं, की ज्ञानेश्वर मागच्या दाराने निघून जाई. दोघांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही वाईट आहे हे बोलून दाखवायची सोयच राहिली नव्हती.

तर ट्रॅक्टर. क्लबाचा तो जुना लहानसा ट्रॅक्टर, ज्ञानेश्वरपेक्षा थोडाच तरुण. त्याच्या मागे जोडायचं सहा फुटी लोखंडी पातं शेडमध्ये पडून होतं. एरवी ते कार पार्कची खडी सारखी करायला लागे. क्लबचा सेक्रेटरी कॉलिन याला विचारलं तर तो म्हणाला, "सॉरी मेट, इन्शुरन्स फक्त मैदानापुरता आहे. रस्त्यावर काही झालं तर क्लबवर येईल."

"माय ब्र—" एवढं ज्ञानेश्वरच्या तोंडून आलं आणि पुढे आलंच नाही. "एका ओळखीच्यांचं फ्युनरल आहे," तो म्हणाला.

"व्हेरी सॉरी टु हिअर," कॉलिन म्हणाला, आणि परत खिडकीतून ट्रेवर घसरणाऱ्यांची मजा बघू लागला.

मंगळवारी सकाळी सात वाजता ज्ञानेश्वरने कुणालाही न विचारता ट्रॅक्टर बाहेर काढला. चाकांना जुन्या साखळ्या आवळल्या, मागचे दोन दांडे आणि वरचा एक अशा तीन ठिकाणी पातं जोडलं, खिळे ठोकले आणि निघाला. काही झालं तर नोकरी जाईल, जाऊ दे. एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या नोकरीला असं जायला उरलंय तरी काय.

ओकहिल क्लोज म्हणजे मोठ्या रस्त्यावरून खाली उतरणारी अठरा घरांची आंधळी गल्ली. दादाचं घर अगदी तळाशी, जिथे हिवाळ्यात दुपारपर्यंत ऊन पोहोचत नाही. दोन दिवसांच्या बर्फावरून लोकांनी गाड्या चढवायचे प्रयत्न केले होते, गाड्या चढल्या नव्हत्या आणि बर्फ मात्र दाबून दगड झाला होता. मागच्या पात्याची हीच पंचाईत. पुढे नांगर असता तर तो आधी साफ करत गेला असता. पातं मागे असलं की तुमचीच चाकं आधी बर्फ चेपतात आणि मग पातं त्यावरून खरवडत येतं. म्हणून ज्ञानेश्वरने पातं उलटं फिरवून घेतलं आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घालून, मान मागे वळवून, बर्फ ढकलत उलटा उतार उतरायला सुरुवात केली. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात पातं वरखाली करायच्या दांड्यावर. मॅनहोलचं झाकण आलं की पातं बोटभर उचलायचं, नाहीतर झाकण उखडून येतं. दहा मिनिटांत मानेची शीर पेटली. तळाशी पोहोचलं की पातं परत सरळ करायचं, तिरकं लावायचं, आणि वर येताना उरलेला बर्फ एका बाजूला सारत यायचं.

त्या एका बाजूवरूनच रामायण झालं. बर्फ सारला तर तो कुठेतरी जाणारच. एका बाजूला गुडघाभर उंचीचा वरंबा तयार होऊ लागला, तसे इतका वेळ गादीवर लोळत असलेले लोक ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात आले. अकरा नंबरवाला म्हणाला, तू माझा ड्राइव्ह, म्हणजे गाडी बाहेर काढायची वाट, अडवलास. त्याच्या गाडीवर वीतभर बर्फ होता, ती शनिवारपासून हललेली नव्हती. सात नंबरच्या बाईने फार सभ्यपणे बजावलं, की तू बर्फ काढलास आणि मग इथे कुणी घसरून पडलं तर कायद्याने जबाबदार तू. न काढलेल्या बर्फावर पडलं तर कुणीच नाही. म्हणून आम्ही हात लावत नाही.

"मॅडम, खाली माणूस मेलाय," ज्ञानेश्वर म्हणाला.

"ओह, आय नो. लव्हली मॅन," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावलं.

शी! ज्ञानेश्वर मराठीत मोठ्याने म्हणाला. मेलेल्याला लव्हली म्हणायला जीभ वळते, फावडं धरायला हात वळत नाही. थुंकावंसं वाटलं, पण थंडीने तोंडात थुंकीही नव्हती.

तीन तासांत चार फेऱ्या झाल्या. सव्वादहाला उतारावर मधोमध काळा डांबरी पट्टा उघडा पडला, एक मोठी गाडी जाईल एवढा. खालीही त्याने दादाच्या फाटकापुढचा भाग अगदी टाइल पुसावी तसा कोरडा केला. तेवढ्यात वरून काळी शववाहिका अलगद उतरली. तिच्यापुढे उंच हॅट, लांब कोट आणि हातात काठी घेतलेले मिस्टर प्रेंटिस चालत होते. फ्युनरल कंपनीचे ते मुख्य. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि हॅटला बोट लावलं. सकाळपासून भेटलेल्या माणसांत माणसासारखं वागलेला हा पहिलाच.

"उत्तम काम, सर. आपण घरचेच का?"

"नाही," ज्ञानेश्वर म्हणाला. "गार्डनर."

शब्द गेला आणि मग त्याला कळलं की तो गेला. एकवीस वर्षांची सवय. दादा पेटीत पडलेला, तिथेच दहा फुटांवर, आणि याची जीभ अजून हाय कमिशनच्या साहेबांपुढे हात जोडून उभी. स्वतःच्या जिभेचीच त्याला शिसारी आली.

पेटी आत नेली. घरात पन्नाससाठ माणसं जमली होती. ज्ञानेश्वर दारात पोहोचला तर आडवा विनय. मंडळाचा सेक्रेटरी, चाळिशीचा, कानात फोनचं बटण, हातात यादी.

"काका, काका, बूट प्लीज. कार्पेट क्रीम कलरचं आहे. तुम्ही असं करा ना, बाहेरच थांबा, मी चहा पाठवतो. यू हॅव डन अ फँटास्टिक जॉब, रिअली."

बूट काढायला ज्ञानेश्वर वाकला, पण बर्फाने लेस गोठल्या होत्या आणि बोटांना जाणीव नव्हती. मग तो दारातच उभा राहून पाहू लागला. माणसांच्या खांद्यांवरून दादाचा चेहरा दिसला. शाल होती, आणि गळ्याला तो करडा मफलर होता. वहिनींनी आठवणीने घातला असणार. एवढं बघून तो ट्रॅक्टरपाशी गेला. चहा काही आला नाही.

सव्वाअकराला पेटी बाहेर आली. तोवर सगळं वेळेत होतं. आणि मग उल्काताईंनी घोटाळा केला.

उल्काताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण, स्लाऊला राहायच्या, आणि रीतीभातीला फार पक्क्या. प्रेत उंबऱ्याबाहेर पडलं की घर धुवायचं, ही आपली रीत. इंग्लंडात कार्पेट धुता येत नाही, म्हणून त्यांनी पुढची फरशी, पायऱ्या आणि ड्राइव्ह धुवायचं ठरवलं होतं. मंडळाच्या दोघा पोरसवदा इंजिनियरांना कामाला लावून सहा बादल्या गरम पाणी तयार ठेवलं होतं. लोक शववाहिकेभोवती उभे राहून फुलं वाहत होते, रडत होते, आणि मागे एकामागून एक सहा बादल्या पायऱ्यांवरून ओतल्या गेल्या. पाणी वाफाळत ड्राइव्हवरून उतरलं, फाटकाबाहेर आलं आणि ज्ञानेश्वरने टाइलीसारख्या कोरड्या केलेल्या डांबरावर, नेमकं शववाहिकेच्या चाकांखाली, निवांत पसरलं.

"अहो, काय करताय! थांबा!" ज्ञानेश्वर ओरडला.

"अहो, शास्त्र आहे ते," उल्काताई म्हणाल्या.

हवा शून्याच्या चार अंश खाली होती. फुलं वाहून, प्रदक्षिणा होऊन, गाडीची दारं लागेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत शास्त्राची काच झाली.

ड्रायव्हरने गाडी पुढे काढायला पाहिलं. मागची चाकं जागच्या जागी फिरली. परत पाहिलं, गाडीचं बूड हलकेच कुंपणाच्या भिंतीकडे सरकलं. दहाबारा जण ढकलायला गेले, त्यातले तीन आडवे झाले. त्यांचे बूट ऑफिसचे, तळवे गुळगुळीत. कुणी म्हणालं उजवीकडे स्टिअरिंग घ्या, कुणी म्हणालं डावीकडे. कुणी इंटरनेटवर बघून सांगू लागला. एकाने घरातून मिठाची पिशवी आणली आणि कैरीच्या फोडींना लावावं तसं ते चिमटी-चिमटीने चाकांपुढे पेरलं. विनय फुटपाथवर उभा राहून सगळ्यांना ऑर्डरी सोडत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंट तरी निदान चालतो.

मिस्टर प्रेंटिस फोन ठेवून वहिनींपाशी आले. दुसरी गाडी मागवली होती, पण ती यायला दीड तास. क्रिमेटोरियमची वेळ तोवर जाणार. पेटी खांद्यावरून वर नेऊ द्यायला ते तयार नव्हते, या उतारावर नाही. त्यांना फार खेद होता.

"म्हणजे सोळा तारीख?" वहिनींनी विचारलं.

"तसं दिसतं, मॅडम."

"काकू, हे बघा," विनय म्हणाला, "प्रॅक्टिकली बघितलं तर सोळा इज नॉट बॅड. सुयशही पोहोचेल. आणि तिथे त्यांची नीट काळजी—"

"विनय, गप्प बस," वहिनी म्हणाल्या. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या होत्या. गर्दीतून वाट काढत, पांढऱ्या साडीवर दादाचा ओव्हरकोट घातलेल्या, त्या सरळ ट्रॅक्टरपाशी आल्या. "भावोजी, ओढाल?"

"ओढतो," ज्ञानेश्वर म्हणाला.

पातं लावलेलं असताना मागे काही ओढता येत नाही. त्याने पातं जमिनीवर टेकवलं आणि गोठलेल्या बोटांनी तिन्ही खिळे हातोडीने ठोकून काढले. पातं भिंतीकडेला आडवं पडलं. रोलर ओढायचा जाड दोर ट्रॅक्टरला बांधला, दुसरं टोक शववाहिकेच्या पुढच्या कडीला. मिस्टर प्रेंटिस बघत होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असलं काही केलेलं नसणार. ते कंपनीचे नियम सांगतील असं ज्ञानेश्वरला वाटलं, आणि तोंडावर सांगायला त्याने एक सणसणीत शिवीही तयार ठेवली. पण प्रेंटिसनी हॅट नीट केली, काठी बगलेत धरली आणि ते शांतपणे चालत जाऊन ट्रॅक्टरच्या पुढे उभे राहिले.

"आपण तयार असाल तेव्हा, सर," ते म्हणाले.

आणि अशी जयंत सबनीसांची अंत्ययात्रा निघाली. पुढे हॅटवाला साहेब एकेक पाऊल टाकत, मागे धूर ओकणारा ट्रॅक्टर, त्यामागे ताणलेला दोर, दोरामागे काळी चकचकीत गाडी आणि गाडीत दादा. साखळ्या डांबरावर खडखडत होत्या. दोनशे यार्डांत ज्ञानेश्वरने एकदाही मागे पाहिलं नाही, कारण मागे पाहिलं की पाय क्लचवरून सटकतो. अकरा नंबरवाला आणि सात नंबरवाली आपापल्या खिडक्यांत उभे होते. अकरा नंबरवाला फोटो काढत होता. ज्या ट्रॅक्टरचं नाव दादाने मंडळात कुणाला कळू दिलं नाही, तोच ट्रॅक्टर आता त्याला सगळ्या गल्लीसमोरून वर घेऊन चालला होता. हसावं की रडावं, ज्ञानेश्वरला कळेना. शेवटी त्याने दोन्ही नाही केलं, गिअर सांभाळला.

मोठ्या रस्त्यावर पोहोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. दोर सुटला. उतारावरून धापा टाकत आलेला विनय यादीवर टिक करत म्हणाला, "ग्रेट, काका. बाकी आता आम्ही बघतो." लोकांनी आपल्या गाड्या वरच लावल्या होत्या. धडाधड दारं लागली. कुणाच्या गाडीत जागा आहे का, हे ज्ञानेश्वरला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. खाली जावं, पातं उचलावं, कॉलिनची बोलणी खावी. एकवीस वर्षं मागच्या दाराने गेलो, आज पुढच्या दाराने जायची हौस कशाला?

शववाहिकेची ड्रायव्हरशेजारची काच खाली आली. वहिनी होत्या.

"मागोमाग या, भावोजी," त्या म्हणाल्या. "नक्की या."

तो ट्रॅक्टरवरूनच गेला. चार मैल. रस्त्यावर सगळीच वाहनं मुंग्यांसारखी सरकत होती, त्यामुळे तो फारसा मागेही पडला नाही. क्रिमेटोरियमच्या आवारात, बर्फ झाडून ठेवलेल्या गाड्यांच्या रांगेत त्याने ट्रॅक्टर लावला आणि आत जाऊन शेवटच्या बाकामागे भिंतीला टेकून उभा राहिला. अंगाला डिझेलचा वास येत होता. शेजारची बाई जरा सरकली.

गुरुजींचं झालं. मग विनय पुढे आला. त्याने माईकवर दादासाहेबांचं कार्य सांगितलं, पूल सांगितले, अध्यक्षपद सांगितलं. पैकी निम्मं त्याला वर्षभरापूर्वी माहीतही नव्हतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागत नाही, फक्त माईक लागतो. मग आभार. फ्युनरल डिरेक्टरचे, गुरुजींचे, उल्काताईंचे, चहा करणाऱ्या मुलींचे. "आणि हो," विनय हसून म्हणाला, "आपले ट्रॅक्टरवाले काका! आय डोंट नो हिज नेम, पण त्यांच्याशिवाय आज आपण इथे नसतो." काही लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि प्रसंग आठवून खाली घेतले.

ज्ञानेश्वरला वाटलं, पुढे जाऊन याच्या तोंडात माईक कोंबावा. पण चीड विनयवर किती काढायची? नाव माहीत नाही, हे त्या पोराचं खोटं नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्यांतला एक समोर पेटीत होता आणि दुसरा भिंतीला टेकून उभा होता. लपवालपवी दोघांनी मिळून केली होती. दादाला लाज होती आणि त्याला ताठा. तू मला भाऊ म्हणत नाहीस ना, मग मीही म्हणणार नाही. काय ही माणसं, तो मनाशी म्हणाला, आणि त्या माणसांत आज त्याने स्वतःला अगदी पहिल्या रांगेत बसवलं.

"सुयश येऊ शकला नाही," विनय सांगत होता, "म्हणून त्याच्या वतीने, मंडळाच्या वतीने, बटण मी—"

"थांब," श्यामलावहिनी उठून उभ्या राहिल्या. त्या माईकपाशी गेल्या नाहीत, त्यांना गरज पडली नाही. "मुलगा नसेल तर अग्नी भावाने द्यायचा असतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले. भाऊ? विनयने यादी चाळली.

"ह्यांना सख्खा भाऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला आम्ही कधी सांगितलं नाही. ह्यांनी नाही सांगितलं, आणि मीही नाही. ह्यांची चूक आज मी सगळ्यांसमोर सांगते, माझीसुद्धा. भावोजी, पुढे या."

साठ माना एकदम मागे वळल्या. ज्ञानेश्वर भिंतीपासून निघाला. मधल्या वाटेवरच्या निळ्या कार्पेटवर त्याच्या बुटांचे ओले, मातकट ठसे उमटत गेले आणि या वेळी कुणी बुटांचं नाव काढलं नाही. पेटीपाशी तो थांबला. झाकण लावलं होतं, मफलर आता दिसत नव्हता. बाजूला भिंतीत पेटी आत सरकवायचं एक लहानसं बटण होतं आणि तिथे मिस्टर प्रेंटिस हॅट काढून उभे होते.

ते थोडे गोंधळले. नियमाप्रमाणे त्यांना विचारणं भाग होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "माफ करा, सर. मृतांशी आपलं नातं?"

"ब्रदर," ज्ञानेश्वर म्हणाला.

आणि त्याने परत एकदा सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. एकवीस वर्षं हा शब्द दोघांनीही तोंडातून काढला नव्हता. आज तो दोघांच्या वतीने त्याला एकट्यालाच म्हणावा लागला. मग त्याने हातमोजा काढला आणि बटण दाबलं.